श्रवण आणि सहगान : संगीताच्या दोन दिवसांची आखणी

हिंदुस्तानी रागसंगीताची मैफल आणि वारकरी परंपरेतील सामूहिक भजन ही महाराष्ट्राच्या संगीतजीवनाची दोन अंगे सहसा दोन निराळ्या वर्गांची मानली जातात. पहिल्यात जाणत्याने स्वस्थ बसून ऐकायचे आणि दुसऱ्यात भाविकाने उभे राहून म्हणायचे, अशी ही वाटणी रूढ झालेली आहे. तिचा परिणाम असा झाला आहे की मैफलींना नियमाने जाणारे पुष्कळ श्रोते आयुष्यभर केवळ ऐकत राहतात आणि स्वतःच्या गळ्यातून एकही स्वर काढत नाहीत, तर भजनात तासन्‌तास रंगणाऱ्या अनेकांना ख्यालगायन हे आपले क्षेत्र नव्हे असे वाटत राहते. वास्तविक या दोहोंची घडण आतून जवळची आहे, आणि ज्याने एकदा हातात टाळ घेऊन अभंगाच्या ध्रुपदाची, म्हणजे फिरून म्हटल्या जाणाऱ्या ओळीची, वाट पाहिली आहे त्याला विलंबित ख्यालातील समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहणे सोपे जाते. म्हणून संगीतासाठी राखून ठेवलेल्या शनिवार-रविवारात ऐकणे आणि म्हणणे या दोहोंना जागा असावी. अशा आखणीसाठी डिसेंबरातील पुण्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही, कारण त्या महिन्यात तेथे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो आणि वारकरी भजनाचे एक मुख्य केंद्र असलेली आळंदी शहरापासून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे.

हा महोत्सव किराणा घराण्याचे गायक रामचंद्र कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही त्याची आयोजक संस्था असून सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी अनेक दशके त्याची धुरा वाहिली; २०११ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडण्यात आले. दीर्घकाळ रमणबाग शाळेच्या पटांगणावर भरणारा हा महोत्सव आता मुकुंदनगरातील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो आणि अलीकडे तो बहुधा बुधवारी सुरू होऊन रविवारी संपतो. बैठक तीन प्रकारची असते: पुढच्या भागातील सोफे, खुर्च्या आणि जमिनीवरील भारतीय बैठक. भारतीय बैठकीचे तिकीट सर्वांत स्वस्त असते, पण तिचे महत्त्व केवळ किमतीत नाही. मांडी घालून बसलेल्या श्रोत्याला हाताने ताल धरता येतो, कंटाळा आल्यास अंग सैल करता येते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी रागाच्या नावावरून बोलणेही सहज सुरू होते. गुडघ्यांची तक्रार नसलेल्याने निदान एक दिवस तरी तेथेच बसावे.

आखणीचा पहिला आणि सर्वांत कठीण भाग म्हणजे काय ऐकायचे नाही हे ठरवणे. एका दिवसात चार-पाच कलाकारांचे गायन-वादन होते आणि तिकीट काढले आहे म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून राहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु रागसंगीताला लागणारे अवधान मर्यादित असते आणि तीन-साडेतीन तासांनंतर कान ऐकत असले तरी मन केवळ ओळखीच्या जागा टिपू लागते. नव्या श्रोत्याने एका दिवसात दोन, फार तर तीन कलाकार निवडावेत, त्यांतील एक गायक आणि एक वादक असावा, आणि उरलेला वेळ चालण्यात, खाण्यात किंवा झोपेत घालवावा. निवड करताना केवळ नामवंतांकडे पाहू नये. दुपारच्या पहिल्या सत्रात पुष्कळदा तरुण कलाकार असतात, तेव्हा मंडप अर्धा रिकामा असतो, आणि मुलतानी, भीमपलास, मधुवंती, पटदीप यांसारखे दुपारनंतरचे राग सावकाश मांडले जाण्याची शक्यता त्याच वेळी सर्वाधिक असते.

येथे रागांच्या वेळेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हिंदुस्तानी पद्धतीत बहुतेक रागांना दिवसाचा किंवा रात्रीचा विशिष्ट प्रहर नेमून दिलेला असून प्रहर म्हणजे सुमारे तीन तासांचा काळ. सूर्यास्ताच्या सुमारास गायिल्या जाणाऱ्या मारवा, श्री, पूरिया धनाश्री या रागांना संधिप्रकाश राग म्हणतात. त्यानंतर यमन, शुद्ध कल्याण, हमीर, पुढे बिहाग, बागेश्री, आणि रात्र चढल्यावर मालकंस, दरबारी, अडाणा असा क्रम सर्वसाधारणपणे पाळला जातो. एके काळी अशा महोत्सवांच्या बैठका रात्रभर चालत आणि पहाटेच्या ललत-भटियारापर्यंत पोहोचत, त्यामुळे श्रोत्याला रागांचा हा प्रवास सलग अनुभवता येई. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० मध्ये लागू झाल्यापासून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर निर्बंध आहेत आणि वर्षातील मोजक्या दिवशीच बारापर्यंतची सवलत देता येते. हे नियम रहिवाशांच्या दृष्टीने योग्यच आहेत, तरीही त्यांमुळे मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग प्रत्यक्ष मैफलीत ऐकण्याची संधी फार कमी झाली, ही संगीताची मोठी हानी आहे. म्हणून ज्या दिवशी बारापर्यंत परवानगी असते, आणि बहुधा तो शनिवार असतो, त्या दिवशी रात्री उशिराची बैठक चुकवू नये; दुपार सोडावी लागली तरी चालेल.

शनिवारी मंडपात जाताना डिसेंबरातील पुण्याची थंडी लक्षात घ्यावी. दुपारी उकडते आणि रात्री नऊनंतर उघड्या बाजूंनी वारा येतो, तेव्हा शाल किंवा कानटोपी आणि भारतीय बैठकीसाठी एखादी पातळ उशी जवळ असणे शहाणपणाचे ठरते. जागा निवडताना ध्वनिवर्धकांच्या अगदी समोर बसणे टाळावे. दोन्ही बाजूंच्या ध्वनिवर्धकांच्या मध्यावर, रंगमंचापासून काहीसे मागे, तानपुरा आणि गळा यांचा मेळ सर्वांत चांगला ऐकू येतो. सकाळचा वेळ मोकळा असलेल्यांसाठी महोत्सवाच्या काळात शिवाजीनगर येथील सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्‌ज’ या नावाने कलाकारांवरील लघुपट आणि ‘अंतरंग’ या नावाने मुलाखती आयोजित केल्या जात आल्या आहेत. ज्या कलाकाराला संध्याकाळी ऐकायचे त्याच्या गुरूविषयीचा लघुपट सकाळी पाहिला, तर गाण्यातील पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात.

कार्यक्रमाच्या वेळेपूर्वी पोहोचण्याचे खरे कारण जागा मिळवणे हे नसून तानपुरा जुळवताना ऐकणे हे आहे. तानपुऱ्याला सामान्यतः चार तारा असतात: पहिली मंद्र सप्तकातील पंचमाची, मधल्या दोन षड्‌जाच्या आणि शेवटची खर्जाची, म्हणजे मंद्र षड्‌जाची. ज्या रागात पंचम वर्ज्य आहे त्यात पहिली तार दुसऱ्या स्वराला लावतात; मालकंसासाठी ती मध्यमाला आणि मारवा किंवा पूरिया यांसाठी पुष्कळदा निषादाला लावलेली असते. गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच त्या पहिल्या तारेवरून पुढे येणाऱ्या रागाचा अंदाज बांधता येतो, आणि हा अंदाज बांधण्याची सवय लागली की श्रोत्याचे कान आपोआप षड्‌जाशी जोडले जातात. तार जेथे घोडीवर टेकते तेथे सुताचा बारीक धागा सरकवून जो झंकार साधतात त्याला जवारी म्हणतात. चांगली जवारी लागलेल्या तानपुऱ्यातून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वरही ऐकू येतात आणि खर्जाच्या तारेत सूक्ष्म गंधार उमटतो; तो शोधण्यात पाच मिनिटे घालवणे हे संपूर्ण मैफलीची तयारी करण्यासारखे आहे.

ख्यालगायनाची मांडणी बहुधा दोन भागांत होते. प्रथम बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतील बंदिश, आणि नंतर त्याच रागातील छोटा ख्याल, म्हणजे मध्य किंवा द्रुत लयीतील बंदिश. बंदिश ही तालात बांधलेली छोटी शब्दरचना असून तिचा पहिला भाग स्थायी आणि दुसरा अंतरा म्हटला जातो. स्थायीच्या पहिल्या ओळीचा जो तुकडा समेकडे नेतो तो मुखडा होय, आणि सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जेथे गायक आणि तबलावादक एकत्र येतात. मधल्या अवकाशात गायक रागाची बढत करतो, म्हणजे षड्‌जापासून एकेक स्वराकडे सरकत रागाचे क्षेत्र क्रमाने उघडत नेतो, आणि तालाच्या प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस मुखडा घेऊन समेवर परततो. विलंबित ख्याल कंटाळवाणा वाटण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: श्रोत्याला आपण आवर्तनात कोठे आहोत हे ठाऊक नसते, त्यामुळे परतण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येत नाही.

आवर्तनातील हे ठिकाण ओळखणे वाटते तितके अवघड नाही. विलंबित ख्यालासाठी सर्वांत अधिक वापरला जाणारा ताल एकताल असून त्याच्या बारा मात्रांचे बोल धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना असे आहेत. अतिविलंबित लयीत हे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचे होते आणि मात्रा मोजत बसणे कष्टाचे जाते. पण ‘धागे तिरकिट’ ही जोडी त्यात दोनदा येते आणि दुसऱ्या वेळी ती ‘क त्ता’ या कोरड्या, तबल्याच्या जोडीतील डग्ग्याचा घुमारा नसलेल्या अक्षरांनंतर येते. कोरडा आवाज, त्यानंतर दुसरे ‘तिरकिट’, पुढे दोन मात्रा आणि सम, इतके लक्षात ठेवले की गायक मुखड्याकडे कधी वळणार हे आधी जाणवू लागते. त्रितालात सोळा मात्रा असतात आणि तेथेही डग्गा हीच खूण आहे. दहाव्या मात्रेपासून त्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला तो परत येतो, तेव्हा सम तीन मात्रांवर आलेली असते. ज्या श्रोत्याने एका संध्याकाळी दोन-तीन आवर्तने जरी अशी अचूक ओळखली, त्याचे मैफलीशी असलेले नाते त्या दिवसापासून बदलते.

बोलआलाप, बोलतान, सरगम, गमकेची तान, लयकारी यांची नावे पाठ करण्याची घाई नव्या श्रोत्याने करू नये. त्याऐवजी एकच प्रश्न मनात धरून ऐकावे: गायक कोणत्या स्वरावर थांबतो आणि कोणत्या स्वरावर थांबण्याचे टाळतो? यमनात गंधार आणि निषाद यांच्यावरील न्यास, मारव्यात लांबणीवर टाकलेला षड्‌ज, दरबारीत आंदोलित कोमल गंधाराजवळ घातलेला वेळ, या गोष्टी व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय ऐकू येतात आणि राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नसून त्यांच्याकडे जाण्याची व त्यांच्यावर विसावण्याची रीत आहे हे त्यांतूनच पटते. न्यास म्हणजे स्वरावर घेतलेला विसावा. घरी परतल्यावर एका छोट्या वहीत राग, ताल आणि बंदिशीचे पहिले दोन शब्द लिहून ठेवावेत. मैफल चालू असताना लिहिणे मात्र टाळावे, आणि भ्रमणध्वनीवर चित्रण करणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे, कारण त्या उजेडाने मागच्या दहा माणसांचे लक्ष मोडते.

दाद देण्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. मैफलीत श्रोत्याचा ‘वा’ हा सादरीकरणाचाच भाग असतो आणि कलाकार त्यावरून बैठकीचा अंदाज घेत असतो. मात्र दाद समेवर किंवा स्वराच्या विसाव्यावर उमटावी, तान चालू असताना मध्येच टाळ्यांचा गजर करणे हे कलाकार आणि इतर श्रोते या दोघांनाही अडथळ्याचे होते. तबल्यावर द्रुत गत सुरू झाली की टाळ्या आणि विलंबितातील एखादा उत्तम लागलेला षड्‌ज मात्र निःशब्द, असे चित्र मोठ्या मंडपांतून वारंवार दिसते. जाणत्या श्रोत्यांनी ते बदलायला हवे. उठून जायचे असल्यास बडा ख्याल संपून छोटा ख्याल सुरू होण्यापूर्वीचा क्षण किंवा दोन रचनांमधील अवकाश साधावा. लहान मुलांना आणायला हरकत नाही, पण त्यांना कडेच्या जागी बसवावे आणि अर्ध्या तासाने बाहेर फिरवून आणावे. मुलांनी पूर्ण मैफल ऐकावी असा आग्रह धरल्याने त्यांचे संगीताशी वैर मात्र होते.

मैफलीच्या उत्तरार्धात अनेक गायक नाट्यपद, ठुमरी किंवा अभंग गातात, आणि शनिवारच्या श्रवणाकडून रविवारच्या सहगानाकडे नेणारा पूल तेथेच सापडतो. भीमसेन जोशी यांनी ‘संतवाणी’ या कार्यक्रमांतून अभंग रागसंगीताच्या व्यासपीठावर प्रतिष्ठेने आणला आणि लाखो श्रोत्यांना ख्यालगायकीच्या दाराशी पोहोचवले. हा अभंग ऐकताना एक गोष्ट विशेष लक्षपूर्वक पाहावी. प्रत्येक चरणानंतर गायक ध्रुपदाकडे, म्हणजे अभंगातील फिरून म्हटल्या जाणाऱ्या ओळीकडे, परत येतो, आणि हे परतणे मघाच्या मुखड्याच्या परतण्याहून तत्त्वतः वेगळे नसते. फरक इतकाच की ख्यालात परतणारा गायक एकटा असतो आणि भजनात सगळा समुदाय परततो.

रविवारचा विचार करताना येथे एक स्पष्ट निवड करावी लागते. महोत्सवाची समारोपाची बैठक मोठी असते, तिची सांगता सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रित भैरवीने करण्याची परंपरा आहे, आणि तो क्षण अनुभवावा असा आहेच. पण ज्याने आधी कधी समूहात गायिले नाही त्याने एखाद्या वर्षी ही बैठक सोडून आळंदीला जावे. शनिवारी रात्री बारापर्यंत जागरण झालेले असल्याने रविवारची सकाळ झोपेसाठी राखावी, दुपारी निघावे आणि संध्याकाळच्या हरिपाठाला उभे राहावे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला, येथे समाधी घेतली असे परंपरा मानते, आणि त्या तिथीच्या सोहळ्याला लाखो वारकरी जमतात. काही वर्षी हा सोहळा महोत्सवाच्या अगदी जवळ येतो. त्या दिवसांत भजनाचा अनुभव भव्य असला तरी नवख्या माणसाला गर्दीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून पहिल्या भेटीसाठी साधा रविवार अधिक चांगला. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था याच गावी असून तेथून शिकून बाहेर पडलेल्या कीर्तनकारांनी, गायकांनी आणि मृदंगवादकांनी महाराष्ट्रभर भजनाची शिस्त पोहोचवली आहे. त्यामुळे आळंदीतील छोट्याशा धर्मशाळेतही टाळांचा मेळ नेमका ऐकू येतो.

हरिपाठ म्हणजे नाममहिमा सांगणाऱ्या अभंगांची मालिका. ज्ञानदेवांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या हरिपाठाचे २७ अभंग असून काही प्रतींत ते २८ मोजले जातात, आणि ते सर्व एकाच साध्या चालीवर, ठरावीक पावल्या टाकत, म्हणजे एका लयीत पुढे-मागे पाऊल टाकत, म्हटले जातात. चाल एकच असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या अभंगापर्यंत कोणालाही ती येऊ लागते. सामूहिक गायनाला नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी याहून सोपे दार नाही. टाळकरी बहुधा दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, मध्ये किंवा पुढे विणेकरी असतो, आणि पखवाजवादक लय सांभाळतो. वीणा खाली ठेवली जात नाही; एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि घेणारा व देणारा परस्परांच्या पाया पडतात. नवख्याने वीणेसमोरून ओलांडून जाऊ नये, पादत्राणे दूर ठेवावीत, मागच्या रांगेत उभे राहावे आणि प्रथम केवळ ध्रुपद म्हणावे. टाळ लगेच हातात घेण्याची घाई करू नये. एकाचा टाळ लयीबाहेर गेला की सगळी रांग डळमळते, तेव्हा पहिल्या दिवशी टाळीवर ठेका धरणे हेच योग्य आहे.

हरिपाठाखेरीज पूर्ण भजनाचा एक क्रम असतो. आरंभी संथ लयीत ‘रामकृष्णहरी’ हा नामघोष, मग विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारे रूपाचे अभंग, पुढे निरनिराळ्या भावांचे अभंग, गौळण, आणि शेवटी आरती व पसायदान. लय हळूहळू वाढत जाते आणि एका टप्प्यावर गायक चरणाची चाल वरच्या सप्तकात नेतात, तिला चाल भरणे म्हणतात. येथे आवाज ताणण्याचा मोह आवरावा. वारकरी गायकांचा षड्‌ज उंच असतो आणि त्यामागे वर्षानुवर्षांची सवय असते. पाहुण्याने तोच स्वर खालच्या सप्तकात म्हटला तरी मेळ बिघडत नाही. मधूनमधून कोमट पाणी प्यावे, घसा खवखवू लागताच म्हणणे थांबवून टाळी धरावी, आणि भजनाच्या दिवशी सकाळी दहा मिनिटे खर्जातील षड्‌ज ‘आ’कारात, हळू आवाजात लावून गळा मोकळा करावा.

अभंगाची छंदोरचना माहीत असेल तर शब्द पाठ नसतानाही साथ देता येते. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा, व यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ही अक्षरे सैलपणे बसतात, आणि मोठ्या अभंगाचा शेवटचा चरण आखूड असल्याने तेथे उरणारी जागा स्वर लांबवण्यासाठी किंवा टाळांच्या नादासाठी मोकळी राहते. समूहाला एकत्र श्वास घेण्याची सोय या आखूड चरणाने केलेली आहे. ज्याने हे एकदा अंगाने अनुभवले, त्याला विलंबित ख्यालात समेनंतर गायक जी क्षणभर शांतता ठेवतो तिचा अर्थ वेगळ्याने सांगावा लागत नाही.

ज्यांना आळंदीला जाणे शक्य नाही किंवा ज्यांना हा आनंद एका रविवारापुरता ठेवायचा नाही, त्यांनी आठ-दहा जणांचे छोटे मंडळ घरी किंवा वसाहतीच्या देवळात जमवावे. गावोगावच्या महिला भजनी मंडळांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चाली त्यांच्याकडे कागदावर नसतात, गळ्यात असतात, तेव्हा त्यांच्यापैकी एखादीला आग्रहाने बोलवावे. मंडळाची पहिली अडचण पट्टीची येते. पट्टी म्हणजे षड्‌ज कोणत्या उंचीवर धरायचा ती जागा, आणि ती पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात. पुरुषांना साधारणतः काळी एक किंवा दोन सोयीची असते, स्त्रियांना काळी चार किंवा पाच. एकत्र गाताना मधली, पांढरी चारच्या आसपासची पट्टी धरावी, पण त्याआधी चालीतील सर्वांत वरचा स्वर सर्वांना म्हणायला लावून पाहावा. तो निम्म्या लोकांना पोहोचत नसेल तर पट्टी उतरवण्याऐवजी कमी आवाक्याची चाल निवडणे बरे. स्वयंचलित तानपुरा किंवा भ्रमणध्वनीवरील तानपुरा सतत चालू ठेवावा. पेटीने प्रत्येक शब्द वाजवू नये, कारण मग सगळे पेटीमागे जातात आणि एकमेकांना ऐकणे थांबते.

अशा मंडळासाठी चक्री भजनाचा प्रकार विशेष उपयुक्त आहे. त्यात वर्तुळात बसलेल्या प्रत्येकाने पाळीपाळीने एक अभंग किंवा पद उचलायचे आणि इतरांनी ध्रुपद धरायचे असते. कोणीही केवळ श्रोता राहत नाही आणि कोणालाही सगळा वेळ पुढारीपण मिळत नाही. लाजणाऱ्या माणसाने एकच चरण म्हटला तरी त्याची पाळी पूर्ण मानावी. बैठक दीड तासापेक्षा लांबवू नये आणि दर वेळी नवे अभंग घेण्यापेक्षा चार-पाच अभंग महिनाभर तेच ठेवावेत, म्हणजे डोळे वहीवरून उठतात आणि कान शेजाऱ्याकडे लागतात. ज्यांना राग ओळखण्याची हौस आहे त्यांनी मंडळातील एखादी चाल कोणत्या रागाच्या छायेत आहे हे शोधून काढावे आणि त्या रागाचे बड्या गायकाचे ध्वनिमुद्रण त्याच आठवड्यात ऐकावे.

डिसेंबरातील पुणे न साधणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात आणि गोव्यात इतरही वाटा आहेत. मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची कबर ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीत सभा होते. मंडपापेक्षा लहान जागेत, कलाकाराच्या जवळ बसून ऐकण्याची संधी तेथे मिळते. दिवसा त्याच गावातील तंतुवाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन तानपुरा घडताना पाहता येतो. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि या वाद्यांसाठी लागणारे मोठे भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. गोव्यात वास्को येथील दामोदराचा भजनी सप्ताह श्रावण शुद्ध षष्ठीला सुरू होतो. त्यात चोवीस तास अखंड भजन चालते आणि निरनिराळ्या पेठांचे व समाजांचे ‘पार’, म्हणजे मिरवणुकीने येऊन ठिकठिकाणी बसणाऱ्या गायनाच्या बैठका, रात्रभर रंगतात. रागदारी, नाट्यपदे आणि अभंग तेथे एकाच रस्त्यावर ऐकायला मिळतात, आणि देवळात अखंड भजनात उभे राहण्याची पाळी मागणाऱ्याला ती मिळू शकते. त्यासाठी आपापल्या ओळखीच्या भजनी मंडळाकडे श्रावण लागण्यापूर्वीच विचारणा करून ठेवावी, कारण पाळ्या आधी ठरतात.